उधारीवर उचललेलं पाणी

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याच्या अगदी वायव्य टोकाला, मेलबर्नपासून सुमारे ५४० किलोमीटरवर, मरे नदीच्या काठी मिल्ड्युरा नावाचं शहर आहे. इंग्रजांनी वसवलेल्या गावांत रस्त्यांना राजाराणीची नाहीतर गव्हर्नरांची नावं द्यायची रीत. इथं मात्र सातवा रस्ता, आठवा रस्ता, पंधरावा रस्ता असे नुसते आकडे आहेत, आणि त्यांना काटकोनात छेदून जाणारा, मधोमध झाडांचा पट्टा असलेला भलामोठा डीकिन अ‍ॅव्हेन्यू आहे. ही आखणी अमेरिकी थाटाची आहे, कारण ती करणारे दोघे भाऊ कॅलिफोर्नियातून आले होते. ज्याच्या नावाचा अ‍ॅव्हेन्यू आहे तो पुढे ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान झाला. भावांचं मात्र दिवाळं निघालं.

हा मुलूख मॅलीचा. मॅली म्हणजे बुंध्यापासूनच अनेक फांद्या फुटणारी, जमिनीत मोठा गड्डा धरून बसणारी निलगिरीची खुरटी जात. माती तांबूस आणि वालुकामय. पाऊस वर्षाला ३०० मिलिमीटरही नाही, म्हणजे आपल्या माणदेशाहून कमी. शेजारून एवढी मोठी नदी वाहते, पण ती खाली आणि जमीन वर. नदीकाठी हजारो वर्षं लात्जी लात्जी लोक राहत होते. मासे, शिंपले, पाणपक्षी यांवर त्यांची गुजराण होती. १८४७च्या सुमाराला जेमिसन बंधूंनी इथं मेंढ्यांचं कुरण घेतलं आणि लात्जी लात्जींची जमीन कुणाला न विचारता ‘मिल्ड्युरा स्टेशन’ झाली. पुढच्या तीन-चार दशकांत मेंढ्या, ससे आणि अवर्षण यांनी मिळून त्या कुरणाची पार रया घालवली. १८८०च्या दशकात ते इतकं डबघाईला आलं होतं की तिथं कुणी पैसे गुंतवेल असं सांगणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं.

वेड्यात काढावं असा माणूस मेलबर्नमध्ये होता. आल्फ्रेड डीकिन. पेशानं वकील, हाडाचा पत्रकार, प्लँचेटच्या बैठकांना जाणारा, आत्म्यांशी बोलता येतं यावर विश्वास असलेला आणि तिशीच्या आतच व्हिक्टोरियाच्या मंत्रिमंडळात बसलेला. १८७७ पासून सहा-सात वर्षं व्हिक्टोरियाच्या उत्तर भागात दुष्काळानं कहर केला होता. पाणीपुरवठ्यावर शाही आयोग नेमला गेला, डीकिन त्याचा अध्यक्ष झाला आणि १८८५च्या सुरुवातीला एक इंजिनिअर आणि दोन वार्ताहर बरोबर घेऊन कॅलिफोर्नियाला गेला. पत्रकार बरोबर नेण्याची हुशारी ध्यानात घेण्यासारखी आहे. अहवाल विधिमंडळात धूळ खात पडला तरी वर्तमानपत्रांत वाचला जाणार होता.

कॅलिफोर्नियात त्याला चॅफी बंधू भेटले. थोरला जॉर्ज, जन्म १८४८. धाकटा विल्यम बेंजामिन, जन्म १८५६, म्हणजे डीकिनच्याच वयाचा. दोघे मूळचे कॅनडाचे, बाप जहाजं बांधणारा. जॉर्जला शाळेपेक्षा इंजिनांचं वेड. सरोवरांतल्या आगबोटींचे आराखडे काढता काढता तो कॅलिफोर्नियाला आला आणि डोंगरातून पाणी आणून एटिवांडा आणि ऑन्टारिओ अशा दोन वसाहती उभ्या करून बसला. त्याची करामत पाइपांत नव्हती, कागदात होती. कॅलिफोर्नियात पाण्याच्या हक्कावरून वर्षानुवर्षं खटले चालत. जॉर्जनं पाण्याची सहकारी कंपनी काढली आणि जमीन घेणाऱ्या प्रत्येकाला एकरामागे तिचा हिस्सा दिला. जमीन विकली की पाणी तिच्याबरोबर गेलं. पाणी वेगळं काढून विकता येणार नाही. रुंद रस्ता, शेतकी कॉलेजसाठी राखीव जमीन, विजेचे दिवे आणि दारूबंदी हा बाकीचा सरंजाम. डीकिन भारून गेला. परतल्यावर १८८६ साली त्यानं व्हिक्टोरियाचा सिंचन कायदा मंजूर करून घेतला. त्यानुसार नदीनाल्यांच्या पाण्यावर मालकी सरकारची झाली. काठावर जमीन आहे म्हणून नदी माझी, हा इंग्रजी कायद्यातला जुना दावा तिथं संपला.

त्याच वर्षी, १८८६च्या फेब्रुवारीत, जॉर्ज चॅफी मेलबर्नला उतरला. नदीचा काठ फिरून पाहिला आणि नेमकी मिल्ड्युराचीच पडीक जागा पसंत केली. भावाला तार गेली, कॅलिफोर्नियातलं सगळं विकून ये. विल्यमनं विकलं, आणि घाईत विकलेल्या मालाची जी किंमत येते तीच आली. इकडे सरकारशी करार ठरला. चॅफींना २,५०,००० एकर. बदल्यात २० वर्षांत ३,००,००० पाउंड खर्च करून पंप, पाट, रस्ते, बागा उभ्या करायच्या. विधिमंडळात गदारोळ झाला. परक्या ‘यँकीं’ना एवढी जमीन आंदण द्यायची? विरोधकांनी अशी पाचर मारली की आधी जाहीर निविदा काढा, आणखी कुणी पुढं येतो का बघू. पुढं कुणी आलं नाही, पण महिने वाया गेले. वैतागलेले चॅफी शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात गेले. तिथल्या प्रीमियरनं, जॉन डाउनरनं, त्यांना हातोहात उचललं आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये नदीच्या खालच्या अंगाला रेनमार्कचा करार झाला. शेजाऱ्यानं ताटातला घास उचलल्यावर व्हिक्टोरियाला भूक लागली. ३१ मे १८८७ रोजी मिल्ड्युराच्या करारावर सह्या झाल्या.

म्हणजे आता कंपनी एक आणि वसाहती दोन, दोन सरकारांना दिलेली दोन वचनं, आणि हातात असलेलं भांडवल तुटपुंजं. इथंच खरं तर थांबायला हवं होतं. पण दुष्काळाच्या प्रदेशात पाण्याचं वचन देणाऱ्याला कुणी हिशेब विचारत नाही, हे काही ऑस्ट्रेलियापुरतं खरं नाही.

कंपनीनं एक जाडजूड सचित्र जाहिरात-ग्रंथ काढला. बांधणीच्या रंगावरून त्याला सगळे ‘लाल पुस्तक’ म्हणत. लंडनमध्ये कचेरी उघडली. बागायती जमीन २० पाउंड एकर, हप्त्यानं. निवृत्त लष्करी अधिकारी, पाद्र्यांचे धाकटे मुलगे, ज्यांनी आयुष्यात कुदळ हातात धरली नव्हती असे सुखवस्तू घरांतले लोक बोटीत बसून निघाले. रेल्वे नव्हतीच. अनेकांना साउथ ऑस्ट्रेलियातल्या मॉर्गनपर्यंत आगगाडीनं येऊन तिथून ‘जेम’ नावाच्या चाकाच्या आगबोटीनं नदीच्या वरच्या अंगाला जावं लागे. मरेवरच्या बोटींची राणी म्हणून ‘जेम’ची ख्याती होती, पण उन्हाळ्यात पाणी उतरलं की राणीही वाळूत रुतून बसे. लाल पुस्तकातल्या चित्रांत रुंद रस्ते, कारंजी आणि द्राक्षवेली होत्या. प्रत्यक्षात उतरल्यावर मॅलीचं रान, तंबू आणि माशा. तरी लोक राहिले, आणि १८९०च्या सुमाराला वस्ती तीन हजारांवर गेली होती.

दारूबंदी होती, म्हणून हॉटेलऐवजी ‘कॉफी पॅलेस’ उभारला. तोच पुढं ग्रँड हॉटेल झाला. दारूबंदीच्या वसाहतीत वाइनरी मात्र चॅफींचीच होती. द्राक्षांचा रस विकायला हरकत नाही, इथं प्यायला आहे. गुत्त्याला परवाना नव्हता, पण सभासदांच्या क्लबला मिळाला, आणि एका क्लबातला दारूचा कट्टा एके काळी जगातला सर्वांत लांब म्हणून मिरवला गेला. माणसं कायद्यातून वाट काढतात ती अशी.

जॉर्जचा जीव मात्र सगळा पंपांत. मिल्ड्युराचं सिंचन म्हणजे आपल्या भाषेत उपसा योजना. कॅलिफोर्नियात पाणी डोंगरावरून आपसूक उतरत होतं, इथं ते नदीतून वर ओढायचं होतं, आणि तेही टप्प्याटप्प्यानं, वेगवेगळ्या उंचीच्या पाटांत. सायकी बेंड नावाच्या वळणावर नदीचं पाणी उचलून किंग्ज बिलाबाँग या जुन्या पात्रातल्या तळ्यात सोडायचं आणि तिथून पुढच्या पंपांनी आणखी वर न्यायचं, अशी रचना. त्यासाठी जॉर्जनं स्वतः वाफेच्या इंजिनाचा आराखडा काढला: वाफ एकापाठोपाठ एक तीन टप्प्यांत प्रसरण पावणार आणि त्याच्या जोरावर केंद्रोत्सारी पंप फिरणार, बोटीच्या इंजिनखोलीत शिकलेली सारी विद्या एका शेडमध्ये. बर्मिंगहॅमच्या टँगी कंपनीला काम दिलं, तर असलं यंत्र चालेल याची हमी द्यायला ती तयार होईना. जबाबदारी जॉर्जनं आपल्या शिरावर घेतली तेव्हा कुठं ते बनलं. १८९१ साली बसवलेलं ते इंजिन १९५९ पर्यंत पाणी ओढत होतं. त्या कारखानदारांच्या शंकेला याहून सणसणीत उत्तर काय असणार!

पण इंजिन चालणं वेगळं आणि योजना चालणं वेगळं. बॉयलरला लाकूड लागे, रान तोडून आणलेले ओंडके रात्रंदिवस भट्टीत जात. ताकारी-म्हैसाळच्या वीजबिलांची भांडणं ज्यांनी वर्तमानपत्रांत वाचली आहेत त्यांना वेगळं सांगायला नको की वर चढवलेल्या पाण्याच्या प्रत्येक थेंबाला रोजचं भाडं असतं. ते भाडं पाणीपट्टीतून यायचं, पाणीपट्टी पिकातून, आणि द्राक्षवेल तीन-चार वर्षं काही देत नाही. तोवर कंपनी जमिनी विकून आलेल्या पैशांवर पंप चालवत होती. जमिनी विकल्या जात होत्या तोवर सगळं झकास.

त्यात पाट मातीचे, अस्तराशिवाय. वाळूसारख्या जमिनीत निम्मं पाणी वाटेतच मुरे. यॅबी नावाचे गोड्या पाण्यातले झिंगे पाटाच्या भरावात बिळं करत, आणि एका रात्रीत भगदाड पडून कुणाच्या शेताचं तळं होई, तर पुढच्याच्या वेली सुकत. पाळी आली आणि पाणी नाही, ही तक्रार रोजची झाली. मुरलेलं पाणी खालून मीठ घेऊन वर येऊ लागलं. क्षारपड जमीन कशी दिसते हे सांगली-कोल्हापूरकडच्या उसवाल्यांना ठाऊक आहे, मिल्ड्युराच्या बागाईतदारांना ती पहिल्याच पिढीत दिसली. निचऱ्याचा विचारच आराखड्यात नव्हता. पीक आलं तर बाजार दूर. ताजी फळं बोटीवर सडून जात. नदी उतरली की माल काठावर पडून राही आणि रेल्वेचं नुसतंच आश्वासन.

याच दिवसांत विल्यम चॅफीनं नदीकाठी ‘रिओ व्हिस्टा’ नावाचा बंगला बांधायला घेतला. विटांचा दिमाखदार वाडा, रंगीत काचा, कोरीव लाकूडकाम, रुंद व्हरांडे. ज्या बायकोसाठी तो बांधायला घेतला ती हॅटी १८८९ सालीच गेली. वाडा पुरा झालेला तिनं पाहिला नाही. पुढं विल्यमनं तिच्याच भाचीशी लग्न केलं. आज त्या वाड्यात शहराचं कलादालन आहे. तिथल्या जिन्यावर उभं राहिलं की वसाहतीच्या भविष्याबद्दल या माणसाला तसूभरही शंका नव्हती हे पटतं, आणि जरा रागही येतो. खाली लोक तंबूत होते.

१८९३ साली मेलबर्नच्या बँका एकापाठोपाठ एक बंद पडल्या. जमिनीच्या सट्ट्यावर फुगलेलं अख्खं व्हिक्टोरिया कोसळलं. मिल्ड्युरात जमीन घेणारं कुणी उरलं नाही, आणि जमीन विकून पंप चालवायचे हा मूळ हिशेबच बसला. हप्ते थकले, पाणीपट्टी थकली, कंपनी म्हणे पैसे द्या, बागाईतदार म्हणत आधी पाणी द्या. १८९५च्या डिसेंबरात ‘चॅफी ब्रदर्स लिमिटेड’चं दिवाळं निघालं. पुढच्या वर्षी शाही आयोग बसला आणि त्यानं खापर चॅफींच्या डोक्यावर फोडलं. दुसऱ्याच्या पैशांवर धाडस केलं, हा ठपका काही अगदीच खोटा नव्हता. पण ज्या सरकारनं रेल्वे दिली नाही त्याच्याबद्दल आयोगाची लेखणी बरीच सौम्य राहिली, असं माझं मत आहे.

जॉर्ज १८९७ साली अमेरिकेला परतला. खचला वगैरे काही नाही. तीन-चार वर्षांतच त्यानं कोलोरॅडो नदीचं पाणी कालव्यानं कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात आणलं आणि त्या वाळवंटाला ‘इंपीरियल व्हॅली’ असं भारदस्त नाव देऊन टाकलं. तो १९३२ पर्यंत जगला. विल्यम मात्र मिल्ड्युरातच राहिला. ज्या लोकांना आपण बुडवलं असं आयोग सांगत होता त्यांच्या शेजारी, त्याच पाण्यावर, आपल्याच आखलेल्या चौकोनात तो द्राक्षं पिकवू लागला. लोक त्याला ‘बॉस’ म्हणत. दिवाळखोराला हे नाव टोमण्यानं दिलं असतं तरी चाललं असतं, पण त्यात आदरच होता. १९२० साली मिल्ड्युराचा पहिला महापौर तोच झाला.

या दोघांपैकी मोठा कोण, हा वाद घालायचा असेल तर माझं मत धाकट्याला. पाणी थोरल्यानं उचललं खरं. पण दिवाळखोरीनंतरची ३० वर्षं गावात काढून दाखवणं हे इंजिनापेक्षा अवघड काम होतं, आणि त्याच वर्षांत मिल्ड्युरा खऱ्या अर्थानं उभं राहिलं. १८९५च्याच सुमाराला कंपनीच्या हातातून पाटपाणी काढून ‘फर्स्ट मिल्ड्युरा इरिगेशन ट्रस्ट’ या सार्वजनिक संस्थेकडे दिलं गेलं. सरकारी कर्ज घेऊन तिनं पाट दुरुस्त केले. रेल्वे अखेर १९०३ मध्ये पोचली. आणि बागाईतदारांना कळलं की ताज्या फळांचा नाद सोडून फळं वाळवावीत: वजन कमी, नासाडी नाही, बोट आठवडाभर उशिरा आली तरी चालतं.

इथून पुढचा भाग तासगावच्या किंवा नाशिककडच्या माणसाला अनोळखी वाटणार नाही. मिल्ड्युराचं मुख्य पीक झालं ते ‘सुलताना’ म्हणजे आपल्याकडचं थॉमसन सीडलेस. तासगावची ‘तास-ए-गणेश’ ही त्याच थॉमसनची निवड. फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणी. भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्यांत घड भरायचे, उकळत्या कॉस्टिकच्या पाण्यात क्षणभर बुचकळायचे की सालीवर बारीक चिरा पडतात आणि आतलं पाणी लवकर निघून जातं. मग तारेच्या जाळीचे एकावर एक थर असलेल्या, वर पत्र्याचं छप्पर असलेल्या लांबलचक रॅकवर पसरायचे. पुढं १९२०च्या दशकात कॉस्टिकच्या जागी पोटॅश आणि ऑलिव्ह तेलाचं थंड मिश्रण आलं. ती रीत मूळची भूमध्य समुद्राकाठची. त्यानं बेदाणा काळपट न पडता सोनेरी राहू लागला. आज आपल्याकडच्या बेदाणा शेडवर पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवतात ते याच पद्धतीचं पुढचं रूप, आणि शेडमधल्या जाळीच्या थरांची मांडणीही तिथल्या रॅकची भावकीच. मार्चमध्ये ढग आले की दोन्हीकडे सारखीच झोप उडते.

बेदाणा झाला, पण भाव पाडणारे व्यापारी होते. म्हणून बागाईतदारांनी संघ काढले, आणि १९०७ मध्ये मिल्ड्युरा आणि रेनमार्कचे संघ एक होऊन ‘ऑस्ट्रेलियन ड्राइड फ्रूट्स असोसिएशन’ बनली. विल्यम चॅफी तिचा अनेक वर्षं अध्यक्ष होता. ज्याच्या कंपनीनं एकेकट्या माणसांना जमीन विकली होती तोच आता त्यांना एकत्र बांधत होता. संघ देशात किती माल विकायचा आणि परदेशी किती धाडायचा हे ठरवी, भाव बांधून घेई. सगळ्यांनी मिळून कमी विकलं तरच सगळ्यांचं भलं, हे शेतकऱ्याच्या गळी उतरवणं किती कठीण असतं!

या संघाला १९१९ साली एक जाहिरातबाज सापडला. क्लेमंट जॉन डी गॅरिस, मिल्ड्युरात फळं पॅक करण्याचा धंदा करणारा, तिशीतला, विश्रांती म्हणजे काय हे ठाऊक नसलेला माणूस. त्यानं बेदाण्याला ‘सन-रेझ्ड’ हे नाव दिलं आणि साऱ्या ऑस्ट्रेलियाला ते पाठ करून घेतलं. पाककृतींची पुस्तकं, मुलांसाठी परीकथांचं पुस्तक, पोस्टरं, बक्षिसं. तेव्हा इन्फ्लुएंझाची साथ होती, तर बेदाणे खाल्ले की फ्लूची भीती नाही असंही यमक जुळवून सांगितलं. आज असं केलं तर नोटीस येईल. तेव्हा माल खपला. त्या नावावरून सबंध प्रदेशालाच ‘सनरेझिया’ म्हणू लागले, आणि त्यानं काढलेलं ‘सनरेझिया डेली’ हे वर्तमानपत्र त्याच्यामागंही चालू राहिलं. डी गॅरिसनं विमान घेतलं, मेलबर्नहून पर्थला उडत गेला, पश्चिम ऑस्ट्रेलियात केंडेनप नावाची नवी वसाहत काढली. चॅफींचंच सूत्र: आधी जमीन विका, बाकीचं होईल. ती बुडाली. १९२५च्या जानेवारीत तो समुद्रात बुडाल्याची बातमी आली, देशभर शोध झाला, आणि काही दिवसांनी गडी न्यूझीलंडला जाताना सापडला. पुढच्या वर्षी, १७ ऑगस्ट १९२६ रोजी, त्यानं खरोखरच स्वतःला संपवलं. विल्यम चॅफी त्याच वर्षी जूनमध्ये वारला होता. डीकिन अ‍ॅव्हेन्यूवर चॅफीचा पुतळा आहे. डी गॅरिसनं दिलेलं नाव तेवढं पॅकिंगच्या खोक्यांवर राहिलं.

पहिल्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना जमीन द्यायची म्हणून सरकारनं मिल्ड्युराच्या दक्षिणेला रेड क्लिफ्सची वसाहत काढली, सुमारे ७०० जणांना प्रत्येकी १५-१६ एकरांचा तुकडा. मॅलीचं रान उपटायला कामाला आली ‘बिग लिझी’. फ्रँक बॉट्रिल नावाच्या माणसानं मेलबर्नमध्ये बनवलेलं हे ४५ टनांचं अजस्र धूड, चाकांखाली स्वतःचेच रूळ अंथरत चालणारं. निघालं होतं ब्रोकन हिलच्या खाणींकडे, उंटांऐवजी माल वाहायला. वेग माणसाच्या चालीइतकाही नाही. १९१७ साली ते मिल्ड्युराला पोचलं तेव्हा मरेला पूर होता, पलीकडे जाता येईना, आणि लिझीचा प्रवास तिथंच संपला. १९२० ते १९२४ या काळात तिनं साखळदंड बांधून हजारो एकरांतली झाडं मुळासकट ओढून काढली. आजही ती रेड क्लिफ्समध्ये उभी आहे. सैनिकांच्या नशिबी मात्र पुन्हा तेच आलं, कर्ज, पडलेले भाव आणि पांढरी पडत जाणारी जमीन. १९३०च्या दशकात जमिनीखाली चर खणून निचऱ्याच्या नळ्या घातल्या तेव्हा कुठं वेली वाचल्या.

नदीचं काय? १९१४च्या दुष्काळात मरेची ठिकठिकाणी डबकी झाली होती. त्याच सुमाराला तीन राज्यं आणि केंद्र सरकार यांनी पाणीवाटपाचा करार केला आणि नदीवर बंधारे आणि लॉक बांधायला घेतले. मिल्ड्युराचा अकरा नंबरचा लॉक १९२७ मध्ये पुरा झाला. त्याचा बंधारा गमतीदार आहे. पूर आला की त्याच्या पोलादी घोड्या रुळांवरून ओढून काठावर काढून ठेवतात आणि नदीला मोकळं सोडतात. पुराशी झुंजण्यापेक्षा बाजूला होण्याचं शहाणपण इंजिनिअरांना क्वचितच सुचतं. १९३४ मध्ये मिल्ड्युराला शहराचा दर्जा मिळाला.

डीकिनची एक गोष्ट राहिली. १८९०च्या अखेरीस तो भारतात आला होता, वर्तमानपत्रासाठी इथले कालवे आणि धरणं पाहायला. त्यावर १८९३ मध्ये त्यानं ‘इरिगेटेड इंडिया’ हे पुस्तक लिहिलं. मिल्ड्युराला भारतातून शिकण्यासारखं बरंच आहे असं मानणारा हा माणूस १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाचा अ‍ॅटर्नी जनरल असताना गोऱ्यांखेरीज इतरांना देशात येऊ न देणाऱ्या कायद्याचा कैवारी होता. कालवे चालतात, कालवे खणणारे नकोत. आज त्याच सनरेझियातल्या द्राक्षांच्या तोडणीला इटालियन, तुर्की, टोंगन आणि पंजाबी घरांतली माणसं लागतात.

सुलतानाचे दिवस आता गेले. वाइनची आणि खाण्याची द्राक्षं आली, बदाम आले. पण सर्वांत मोठा बदल कागदावर झाला. १ जुलै २००७ पासून उत्तर व्हिक्टोरियात पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा केला गेला, म्हणजे जॉर्ज चॅफीनं जी गाठ मारली होती तीच कायद्यानं सोडवली. पाणी आता शेअरसारखं विकत घेता येतं, भाड्यानं देता येतं, नदीच्या खालच्या अंगाला पाठवता येतं. तेव्हा मोठा दुष्काळ चालू होता. पंधरा-वीस एकरवाल्या कित्येक जुन्या बागाईतदारांनी आपलं पाणी विकून कर्ज फेडलं, वेली तशाच वाळू दिल्या आणि घर तेवढं ठेवलं. पाणी गेलं ते बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या बदामबागांकडे. चॅफींच्या दिवाळखोरीतून जन्मलेली ‘फर्स्ट मिल्ड्युरा इरिगेशन ट्रस्ट’ २००८ मध्ये ‘लोअर मरे वॉटर’ या सरकारी महामंडळात विलीन झाली. वेली सुकलेल्या तुकड्यांच्या कडेनं जुन्या पाटांच्या चाऱ्या अजून दिसतात. तिथं राहणाऱ्यांना घरच्या वापराचं पाणी मिळतं, आणि द्राक्षाची बाग कुणाची म्हणून विचारलं तर ते आजोबांचं नाव सांगतात.